श्रीनिवासरावांचे दुर्लक्षित उमेदवार

दर पाच वर्षांनी देशाला राष्ट्रपती लागतो आणि तो शोधून देण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असं हैदराबादेत तारनाक्याला राहणाऱ्या श्रीनिवासराव बिलोलीकरांना मनापासून वाटत असे. ही जबाबदारी त्यांच्यावर कोणी टाकली नव्हती. पण पाहुणा यायचा म्हटलं की सगळ्यांच्या आधी उठून खुर्ची झटकणारा एखादा घरात असतोच ना, तसं ते होतं. शिवाय राष्ट्रपती हिवाळ्यात थोडे दिवस बोलारमच्या बंगल्यात मुक्कामाला येतात, म्हणजे एका परीनं ते सिकंदराबादचे शेजारीच; आणि शेजारी कोण येणार याची आधी चौकशी केलेली बरी, असंही त्यांचं म्हणणं होतं.

नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी सिकंदराबादला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात काढली. कोणती गाडी आधी सोडायची, कोणती बाजूच्या रुळावर उभी ठेवायची, हे टेलिफोनवरून सांगायचं काम. त्या कामातून त्यांनी राजकारणाचा एक सिद्धांत काढला होता. दोन बड्या गाड्या एकमेकींच्या वाटेत आल्या की दोघीही खोळंबतात, आणि त्या गडबडीत एखादी गरीब पॅसेंजर शिट्टी वाजवत पुढे निघून जाते. राष्ट्रपतिपदाचंही तसंच. पेपरात ज्यांची नावं छापून येतात ती माणसं एकमेकांना अडवणार. खरा उमेदवार कुठल्यातरी आडगावी बायकोला भाजी निवडून देत बसलेला असतो आणि त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

निवृत्तीनंतर या माणसाला हुडकण्यावाचून त्यांना दुसरं काम उरलं नाही. रोज संध्याकाळी चौकातल्या इराणी हॉटेलात ते कोपऱ्यातलं टेबल धरत. सोबत दोघे ठरलेले: एकेकाळी रेल्वेत गार्ड असलेले खाजासाब आणि कोर्टात हयात घालवलेले प्रतापराव वकील. सत्त्याण्णव साल होतं ते. दिल्लीत सरकारं भाडेकरूंसारखी येत-जात होती, तारनाक्यात बंगले पाडून अपार्टमेंट उठत होती, घराघरांत केबल आणि परदेशी सरबतांच्या बाटल्या शिरल्या होत्या. जुलैत राष्ट्रपतींची निवडणूक होती. अशा वेळी श्रीनिवासराव स्वस्थ बसले असते तरच नवल.

"क्या मियाँ," खाजासाब बशीत चहा ओतत विचारत, "इस बार किस गरीब का नाम निकाले?"

मग श्रीनिवासराव आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून नाव सांगत. कधी ओरिसातले एक निवृत्त राज्यपाल, कधी आसामातले एक कुलगुरू, कधी केरळातले एक न्यायमूर्ती. ती नावं इथं देण्यात अर्थ नाही. त्या बिचाऱ्यांनी कोणाचं काय वाकडं केलं होतं! आजवर श्रीनिवासरावांचा एकही उमेदवार राष्ट्रपती झाला नव्हता. त्यांतले एक जण तर अर्ज भरायची वेळ येण्याआधीच वारले. "चांगली माणसं टिकत नाहीत," एवढंच म्हणून श्रीनिवासरावांनी त्याच चहावर दुसरं नाव काढलं होतं.

प्रतापराव उलटतपासणी घेत. "पण हाच का? देशात कुलगुरू काय कमी आहेत?"

"माझ्या तीन अटी आहेत वकीलसाहेब. एक, त्यानं स्वतः पद मागितलेलं नसावं. दोन, त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार नसावी. आणि तीन, विचारल्यावर त्यानं नको म्हणायला हवं."

"नको म्हणाला तर मग संपलंच की."

"संपलं कसं? पुन्हा विचारायचं. तो पुन्हा नको म्हणेल. तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून म्हणेल, आपली मर्जी. तो खरा राष्ट्रपती!"

"हौ, ये बात सही है," खाजासाब मान डोलावत.

ही तिसरी अट हैदराबादबाहेरच्या माणसाच्या गळी उतरायची नाही. जुन्या हैदराबादेत वाढलेला माणूस, मग तो खाजासाब असो की बिलोलीकर, पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाही. पहिलं नको लाजेचं, दुसरं नको समोरच्याच्या मानाचं, आणि तिसऱ्यांदा विचारलंत तर मग काय, तुमचा शब्द कसा मोडायचा? विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. त्यामुळे बशीतलं शेवटचं उस्मानिया बिस्किट तिघांमध्ये दोन फेऱ्या मारून मगच कोणाच्यातरी तोंडात जाई. श्रीनिवासरावांचं लग्नसुद्धा असंच जमलं. हैदराबादेतच, सुलतान बाजारात राहणाऱ्या सासऱ्यांनी मुलगी देऊ केली तेव्हा ते नको म्हणाले, दुसऱ्यांदाही नकोच म्हणाले. पुढे सासरे तापानं आजारी पडले आणि तिसरं विचारणं लांबलं. तेवढ्या काळात होणाऱ्या जावयाचं अन्नावरचं मन उडालं होतं म्हणतात. शेवटी सासूबाईंनीच माणूस धाडला, तेव्हा कुठे हे 'आपली मर्जी' म्हणून बोहल्यावर चढले.

ती मुलगी म्हणजे प्रमिलाबाई. नवऱ्याच्या पानात कढी वाढायची तर तीनदा विचारावं लागतं हे त्यांना माहेराहूनच ठाऊक होतं, त्यामुळे संसार सुरळीत चालला. तारनाका मराठी मंडळाचा गणपती बसला की मंडपामागच्या चुलीवर त्यांचं राज्य. रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत इंग्रजी शाळांतली मराठी पोरं गोळा होत. घरात मराठी बोलणारी आणि तेच वाचताना अडखळणारी ही पोरं, त्यांना त्या काना-मात्रा शिकवत. मंडळात कोणाचं कोणाशी बिनसलं तर दोन्ही बाजू संध्याकाळी त्यांच्याकडेच चहाला येत आणि निघताना एकमेकांच्या चपला ओळखून पुढे सरकवत. श्रीनिवासरावांना हे दिसत नव्हतं असं नाही. छताचा पंखा दिसतो तसं दिसत होतं. फिरतो आहे तोवर माणूस कशाला वर बघतो?

त्या उन्हाळ्यात मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब मुलाकडे नागपूरला कायमचे निघाले. मंडळ निघाल्यापासून आबासाहेबच अध्यक्ष, तेव्हा हे पद रिकामं होऊ शकतं हीच लोकांना नवलाई. त्यात पुढच्या वर्षी मंडळाचा रौप्यमहोत्सव. हॉटेलात ही बातमी निघाली तेव्हा खाजासाबांनी श्रीनिवासरावांकडे बोट केलं.

"मियाँ, तुमारे तीनों शर्तां में बैठने वाला एकीच आदमी है. यहींच बैठा है."

श्रीनिवासरावांना ठसका लागला. "छे छे, भलतंच काहीतरी!" पण त्या संध्याकाळी ते राष्ट्रपतींविषयी एक शब्द बोलले नाहीत.

खरं सांगायचं तर त्यांना आयुष्यात कोणी कशासाठी निवडलंच नव्हतं. कंट्रोलमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं वर चढली, कारण साहेबानं "जाणार का गुंतकलला?" असं विचारल्यावर ती झटकन हो म्हणाली. श्रीनिवासराव एकदा नको म्हणून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिले, तोवर दुसऱ्याची ऑर्डर निघाली. याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. राष्ट्रपतींचा नादही त्यांना बहुधा तिथूनच लागला. न मागणाऱ्या माणसाच्या दाराशी कोणीतरी आपण होऊन यावं, त्याला विनवावं, हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आता ते दार आपलं असेल असं वाटू लागल्यावर त्यांची झोप उडाली.

न्हाणीघरातून सकाळी आवाज येऊ लागला. "मी या पदाला लायक नाही, तरीही आपण सर्वांनी एवढा आग्रह केलाच आहे, तर..." पुढचं पाण्याच्या आवाजात बुडून जाई. भर जूनच्या उकाड्यात त्यांनी बंद गळ्याचा कोट ड्रायक्लीनिंगला टाकला. प्रमिलाबाई पोळ्या लाटता लाटता हसत, पण त्यांनाही मनातून वाटत होतं, एकदा होऊन जाऊ दे बाई यांच्या मनासारखं.

अडचण एकच होती. मंडळाचा नवा चिटणीस मकरंद पुण्याचा होता.

मकरंद कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला म्हणून हैदराबादला आलेला. कमरेला पेजर, अंगात उत्साह, आणि मंडळासाठी रात्रंदिवस राबायची तयारी. पोरगा गुणी, त्यात शंकाच नाही. पण पुण्यात नको म्हणजे नको असतं आणि हो म्हणजे बघू. श्रीनिवासराव एकदा त्याच्या फ्लॅटवर गेले तेव्हा "काका, चहा?" "नको." "बरं," एवढ्यात विषय संपला होता. घरी येऊन ते दोन तांबे पाणी प्यायले.

सभेच्या आधल्या आठवड्यात मकरंद घरी आला. प्रमिलाबाईंनी खुर्ची दिली, सरबत दिलं. त्यानं आढेवेढे न घेता विचारलं, "काका, मंडळाचे अध्यक्ष व्हाल का? सगळ्यांनाच तुमचं नाव योग्य वाटतंय."

श्रीनिवासरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "छे छे! मी कसला अध्यक्ष होतो! माझ्याहून मोठी माणसं आहेत."

"नक्की ना काका? एकदा विचार करा."

"नको हो. तुम्हा तरुणांना द्या आता," श्रीनिवासराव म्हणाले आणि मान खाली घालून बसले. तिसऱ्या विचारण्यासाठी मान खालीच लागते.

मकरंदनं सरबत संपवलं. "ओके काका. तुमच्यावर प्रेशर आणणार नाही. इतकं स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं." आणि खाली जाऊन त्यानं स्कूटरला किक मारली.

"गेला?" मान खाली ठेवूनच श्रीनिवासरावांनी विचारलं.

"गेला," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"तिसरं सभेत विचारणार. चार लोकांच्या देखत. हुशार आहे पोरगा."

"अहो, तो पुण्याचा आहे."

"म्हणून काय झालं? माणूसच आहे ना?"

"मी सांगू का त्याला? नुसतं कानावर घालते, काका तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणतात म्हणून."

"खबरदार!" श्रीनिवासराव ताडकन उठले. "सांगून विचारायला लावलं, तर ते विचारणं राहिलं का? माझी शपथ आहे तुला, एक अक्षर बोललीस तर!"

प्रमिलाबाईंनी सरबताचे पेले उचलले. शपथ मोडायची त्यांची पद्धत नव्हती.

सभा रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलात भरली. श्रीनिवासराव कोट घालून दुसऱ्या रांगेत. अगदी पहिल्या रांगेत बसलं तर मागितल्यासारखं दिसतं. खाजासाब मंडळाचे सभासद नव्हते, पण सभेनंतर पोहे असतात एवढ्या नात्यानं ते दरवर्षी मागच्या बाकावर हजर असत. आबासाहेबांचं निरोपाचं भाषण झालं, त्यात तेच एकटे रडले. मग मकरंद उभा राहिला.

"अध्यक्षपदासाठी मी श्रीनिवासकाकांना विचारलं होतं," तो म्हणाला. श्रीनिवासरावांनी मान खाली घातली. "एकदा नाही, दोनदा विचारलं. पण काकांनी दोन्ही वेळा स्वच्छ नकार दिला. आजच्या जमान्यात पदाचा मोह नसलेला असा माणूस आपल्यात आहे! काकांसाठी एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रीनिवासरावांना उठून हात जोडावे लागले. अध्यक्ष न झाल्याबद्दल एवढ्या टाळ्या तारनाक्यात कोणालाच मिळाल्या नसतील.

प्रतापरावांना राहवलं नाही. "अहो, पुन्हा एकदा विचारून बघा ना त्यांना."

"नको वकीलकाका," मकरंद कळवळून म्हणाला. "मोठ्या माणसाला सारखं सारखं भरीस घालणं बरं दिसत नाही."

मागच्या बाकावर खाजासाबांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात प्लायवूडचं दुकान असलेले दिलीपराव उठून म्हणाले, "कोणीच नसेल तर मी आहे." त्यांना अनुमोदन द्यायला कोणी पुढे आलं नाही. जो मागतो त्याला मिळत नाही हा सिद्धांत खरा ठरला होता, पण श्रीनिवासरावांना त्याचा आनंद घेण्याचं भान नव्हतं. ते मकरंदकडे टक लावून बघत होते.

मग मकरंदची बायको कविता उठली. "मी प्रमिलाकाकूंचं नाव सुचवते. आमची रसिका आता तिच्या आजीला मराठी गोष्ट वाचून दाखवते, ती काकूंमुळे. आणि इथं ज्यांची भांडणं काकूंनी मिटवलीत, त्यांनी हात वर केलेत तर अर्धा हॉल हात वर करेल."

हॉलात हशा पिकला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं कशी सुचली नाही, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

"काकू, व्हाल अध्यक्ष?" मकरंदनं विचारलं.

श्रीनिवासरावांना उलट धीर आला. प्रमिला सुलतान बाजारची. ती नको म्हणणार, मग मकरंद पुन्हा विचारणार, ती पुन्हा नको म्हणणार. आणि तेवढ्यात कोणाच्यातरी डोक्यात उजेड पडेल की या शहरात दोन नकोंनी काही संपत नसतं. त्यांनी खुर्चीत मागे टेकून कोटाचं वरचं बटण लावलं.

प्रमिलाबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला, नवऱ्याकडे एकवार पाहिलं.

"होईन," त्या म्हणाल्या.

पुढे आणखी काही बोलतील म्हणून सभा थांबली. त्या खाली बसल्या. मग ज्या टाळ्या झाल्या त्या पहिल्या टाळ्यांहून मोठ्या होत्या, आणि त्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बगल में छोरा, शहर में ढिंढोरा! मुबारक हो भाभी!"

पोह्यांच्या वेळी कवितानं श्रीनिवासरावांना विचारलं, "काका, पोहे घेता ना?" ते सवयीनं नको म्हणाले आणि ती पुढे गेली. त्या दिवशी त्यांना पोहेही मिळाले नाहीत.

घर जवळच होतं. दोघं चालत निघाले. ऊन रणरणत होतं, तरी श्रीनिवासरावांनी कोट काढला नव्हता. त्यांना राग आला होता, आणि कोणावर आला होता ते सापडत नव्हतं. म्हणून जी शेजारून चालत होती तिच्यावरच तो निघाला.

"पहिल्याच विचारण्याला हो म्हणालीस!"

"हौ."

"सुलतान बाजारची ना तू? जरा नको म्हणायचं. काही रीत असते की नाही?"

प्रमिलाबाई एका लिंबाच्या सावलीत थांबल्या. "तुमचं नाव पुन्हा कोणी घेईल म्हणून मी शेवटपर्यंत वाट पाहिली. मीच उठून घेणार होते, तर तुम्ही शपथ घालून ठेवलेली. माझाच जीव तुटत होता तुमच्यासाठी." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हाला नको म्हणणं परवडतं. पुन्हा पुन्हा विचारणारं माणूस तुमच्या घरात आहे. मला आज पहिल्यांदा कोणीतरी काही विचारलं. दुसऱ्यांदा विचारतील याची मला काय खात्री?"

मी नाही का तुला विचारलं, असं म्हणायचं होतं श्रीनिवासरावांना. कधी, ते आठवेना. काझीपेठची बदली झाली तेव्हा सामान बांध म्हणून सांगितलं होतं. तारनाक्याचा फ्लॅट घेतला तो तिला दाखवायला नेला होता. मुलाला अमेरिकेला पाठवायचं ठरलं ते जेवताना कळवलं होतं. ओरिसापासून केरळपर्यंत एकेका माणसाच्या मनात काय असेल याचा त्यांनी बसून विचार केला होता. हिच्या मनात काय असेल हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. त्यांना लाज वाटली. सभेतल्या टाळ्यांनी वाटली नव्हती तेवढी वाटली.

ते चालू लागले. थोड्या वेळानं त्यांनी घसा साफ केला.

"रौप्यमहोत्सवाला काय काय करायचं म्हणतेस?"

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "खरंच विचारता, की आपलं काहीतरी बोलायचं म्हणून?"

"खरंच."

"मग सांगते," त्या म्हणाल्या. आधी पोरांसाठी पुस्तकांचं कपाट, तेही मोठ्यांच्या कपाटाला कुलूप असतं तसं नाही, उघडं. मग हिमायतनगरच्या, सिकंदराबादच्या म्हाताऱ्या बायकांना दर शनिवारी आणायचं आणि पोहोचवायचं, कारण त्या जिने उतरू शकत नाहीत म्हणून कुठे येत नाहीत. गणपतीच्या चुलीपाशी पुरुषांचीही पाळी लावायची, त्यात दिलीपरावांना पहिल्या दिवशी घ्यायचं, म्हणजे ते रुसणार नाहीत. हे सगळं त्या अशा सांगत होत्या की आजचं नव्हतंच ते. कधीचं ठरवून, घडी घालून ठेवलेलं होतं. श्रीनिवासरावांनी कोट काढून हातावर घेतला आणि मधूनमधून "मग?" म्हणत राहिले. अपार्टमेंटचं फाटक आलं तरी प्रमिलाबाईंचं सांगून झालं नव्हतं, तेव्हा दोघं फाटकात न वळता तसेच बोलत पुढच्या चौकापर्यंत गेले.